एकतर्फी लढती, राखीव खेळाडू आणि प्रशिक्षकांची कसोटी

अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजेच एनबीएच्या २०२५ मधील अंतिम मालिकेचा सहावा सामना १९ जून रोजी इंडियानापोलिस येथे झाला. तिसरे सत्र संपले तेव्हा यजमान इंडियाना पेसर्सचे ९० आणि ओक्लाहोमा सिटी थंडरचे ६० गुण झाले होते. मालिकेत थंडर संघ ३-२ असा पुढे होता. हा सामना जिंकला असता तर विजेतेपद त्याच रात्री निश्चित झाले असते. तरीही प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांनी अखेरच्या सत्रात आपल्या प्रमुख खेळाडूंना बाकावर बसवले आणि उरलेला सामना राखीव खेळाडूंच्या हाती सोपवला. थंडरने हा सामना ९१-१०८ असा गमावला. तीन दिवसांनी झालेला सातवा सामना मात्र त्यांनी १०३-९१ असा जिंकला व विजेतेपद पटकावले.

निकाल जवळजवळ निश्चित झाल्यानंतर उरलेल्या वेळेला अमेरिकेत ‘गार्बेज टाइम’ म्हणजे टाकाऊ वेळ असे म्हटले जाते. हे नाव दिशाभूल करणारे आहे. या काही मिनिटांत एखाद्या खेळाडूची कारकीर्द धोक्यात येऊ शकते, दोन संघांमध्ये वैमनस्य निर्माण होऊ शकते आणि एखाद्या अपरिचित खेळाडूला आपले कौशल्य दाखवण्याची वर्षातील एकमेव संधी मिळू शकते. त्यामुळे प्रमुख खेळाडूंना केव्हा बाहेर काढावे, हा प्रशिक्षकांपुढील एक अवघड निर्णय ठरतो. स्पर्धेच्या नियमांत अलीकडे झालेल्या बदलांमुळे तो अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे.

विश्रांतीचे महत्त्व

एनबीएचा सामना प्रत्येकी १२ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. एका वेळी पाच खेळाडू मैदानावर असतात. फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येऊ शकत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र कितीही वेळा बदल करता येतात. नियमित हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळावे लागतात व अनेकदा लागोपाठच्या दोन दिवशीही मैदानात उतरावे लागते. अशा वेळी जिंकलेल्या किंवा हातून गेलेल्या सामन्यातील दहा मिनिटांची विश्रांती मोलाची असते.

ही विश्रांती न दिल्यास काय होऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून शिकागो बुल्सचा डेरिक रोझ याचे नाव घेतले जाते. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, २०११ मध्ये, तो एनबीएच्या इतिहासातील सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २८ एप्रिल २०१२ रोजी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सविरुद्ध बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात दीड मिनिटाहून कमी वेळ शिल्लक असताना बुल्सकडे १२ गुणांची आघाडी होती. रोझ तेव्हाही मैदानावर होता. उडी घेताना त्याच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. बुल्सने तो सामना जिंकला. परंतु पूर्व विभागात अव्वल असलेला हा संघ आठव्या क्रमांकावरील प्रतिस्पर्ध्याकडून मालिका २-४ अशी हरला. पुढील संपूर्ण हंगाम रोझला खेळता आले नाही व पूर्वीची उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही.

प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्यावर त्या वेळी कठोर टीका झाली. आघाडी कमी होत चालली होती, असे त्यांचे म्हणणे होते. ही दुखापत सामन्याच्या पहिल्या मिनिटालाही होऊ शकली असती, हेही खरे आहे. मात्र धोका पत्करताना बदल्यात काय मिळणार आहे, याचा विचार करावा लागतो आणि अखेरच्या मिनिटांत मिळण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

आघाडी केव्हा सुरक्षित मानावी?

थिबोडो यांची भीती अगदीच निराधार नव्हती. बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला २४ सेकंदांत बास्केटकडे फेक करावीच लागते. त्यामुळे केवळ वेळ काढून आघाडी राखता येत नाही. २७ नोव्हेंबर १९९६ रोजी मध्यंतराला ३६-७० असा मागे पडलेला यूटा जॅझ संघ डेन्व्हर नगेट्सविरुद्ध १०७-१०३ असा जिंकला होता. ९ डिसेंबर २००४ रोजी ह्यूस्टन रॉकेट्सच्या ट्रेसी मॅकग्रेडी याने अखेरच्या ३५ सेकंदांत १३ गुण नोंदवून सॅन अँटोनियो स्पर्सच्या हातातील सामना ८१-८० असा खेचून घेतला होता.

राखीव खेळाडू मैदानात उतरवणे म्हणजे शरणागती, असाही सर्वसाधारण समज आहे. ह्यूस्टननेच मे २०१५ मध्ये तो खोटा ठरवला. लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्धच्या मालिकेत २-३ असा मागे असलेला हा संघ सहाव्या सामन्यात १९ गुणांनी पिछाडीवर होता. संघाचा आधारस्तंभ जेम्स हार्डन बाकावर बसलेला असताना जोश स्मिथ व कोरी ब्रूअर यांनी सामन्याचे चित्र पालटले. अखेरच्या सत्रात ह्यूस्टनने ४० आणि क्लिपर्सने केवळ १५ गुण केले. तो सामना व पुढे मालिकाही ह्यूस्टनने जिंकली.

अलिखित शिष्टाचार

या प्रश्नाला शिष्टाचाराचीही बाजू आहे. मोठ्या आघाडीवर असलेल्या संघाने आपले प्रमुख खेळाडू बाहेर काढावेत, हरलेल्या संघाच्या जखमेवर मीठ चोळू नये, असा अमेरिकी क्रीडाक्षेत्रात संकेत आहे. तो कोठेही लिहिलेला नाही. तरीही त्याचा भंग झाल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते.

१६ डिसेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याचा प्रत्यय आला. डेन्व्हर नगेट्सकडे १९ गुणांची आघाडी होती व सव्वा मिनिटाचा खेळ शिल्लक होता. तरीही त्या हंगामात गुणसंख्येत आघाडीवर असलेला कार्मेलो अँथनी आणि त्याचे प्रमुख सहकारी मैदानावरच होते. बास्केटकडे झेपावणाऱ्या जे. आर. स्मिथ याला न्यूयॉर्क निक्सच्या मार्डी कॉलिन्स याने मानेजवळ धरून खाली पाडले आणि हाणामारीला तोंड फुटले. मैदानावरील दहाही खेळाडूंना बाहेर काढण्यात आले. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी सात खेळाडूंना मिळून ४७ सामन्यांसाठी निलंबित केले. त्यात अँथनीच्या वाट्याला १५ सामने आले. दोन्ही संघांना प्रत्येकी पाच लाख डॉलरचा दंडही झाला. डेन्व्हरचे प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांनी हेतुपुरस्सर गुणसंख्या फुगवल्याचा आरोप निक्सचे प्रशिक्षक आयझेया थॉमस यांनी केला. कार्ल यांनी तो फेटाळला. हिंसाचाराचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि, सव्वा मिनिटासाठी राखीव खेळाडू उतरवले असते तर हा प्रसंग ओढवला नसता, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती.

याच्या नेमके उलट उदाहरण वर्षभर आधीचे आहे. २० डिसेंबर २००५ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंट याने तीन सत्रांत एकट्याने ६२ गुण केले. डॅलस मॅव्हरिक्स संघाचे मिळून ६१ गुण झाले होते. वैयक्तिक विक्रमाचा मोह असूनही ब्रायंट अखेरच्या सत्रात मैदानात उतरला नाही.

बाकावरील खेळाडूंची संधी

राखीव खेळाडूंच्या दृष्टीने ही मिनिटे टाकाऊ नसतात. २०१७ पासून एनबीएमध्ये दुहेरी करार पद्धती लागू झाली. या करारावरील खेळाडू मुख्य संघ व दुय्यम दर्जाच्या जी लीगमधील संलग्न संघ यांच्यात ये-जा करतो. त्याचे वेतन कमी असते व स्थानाची शाश्वती नसते. मुख्य संघाकडून खेळण्याची त्याची सुरुवात बहुधा अशा निकाली सामन्यांतूनच होते. २०२५ च्या विजेत्या थंडर संघातील ॲलेक्स करुसो आणि लू डॉर्ट या दोघांनीही एनबीएमध्ये अशाच करारावर पाऊल ठेवले होते.

भारतीय वाचकांना या संदर्भात सिम भुल्लर याची आठवण होईल. कॅनडात जन्मलेला, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा हा खेळाडू एनबीएमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे प्रमुख मालक आहेत, त्या सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला होता. ७ एप्रिल २०१५ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे १६ सेकंद उरले असताना तो मैदानात उतरला आणि प्रेक्षकांनी त्याचे जल्लोषात स्वागत केले. एनबीएमध्ये त्याला एकंदर तीनच सामन्यांत मिळून सुमारे तीन मिनिटे खेळायला मिळाले. इतक्या अल्प वेळेचीही इतिहासात नोंद झाली.

अर्थात या वेळेतील कामगिरीला किती महत्त्व द्यावे, याला मर्यादा आहेत. प्रतिस्पर्धी संघाचा बचाव सैल झालेला असतो. म्हणून सांख्यिकी अभ्यासक अनेकदा ही मिनिटे गणनेतून वगळतात. वैयक्तिक आकडेवारीचा हव्यास हास्यास्पद थरालाही जातो. मार्च २००३ मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सच्या रिकी डेव्हिस याने, संघ २५ गुणांनी पुढे असताना, केवळ एक रिबाउंड नावावर जमा व्हावा म्हणून स्वतःच्याच बास्केटवर चेंडू मारला होता. तो रिबाउंड धरला गेला नाही आणि संघाने त्याला दंड केला.

नियमांमुळे निर्माण झालेला पेच

आजवर हा प्रश्न प्रशिक्षकांच्या विवेकावर सोपवलेला होता. २०२३ मध्ये एनबीएने हंगामांतर्गत चषक स्पर्धा सुरू केली आणि गटातील संघांची बरोबरी झाल्यास गुणफरकाचा निकष ठेवला. त्यामुळे प्रत्येक गुणाला किंमत आली. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी बोस्टन सेल्टिक्सला पुढील फेरी गाठण्यासाठी शिकागोविरुद्ध किमान २३ गुणांनी जिंकणे आवश्यक होते. सामना केव्हाच हाती आला होता. तरीही बोस्टनने प्रमुख खेळाडू मैदानावर ठेवले आणि फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या आंद्रे ड्रमंड याच्यावर मुद्दाम फाउल केले. बोस्टन १२४-९७ असे जिंकले व पुढील फेरीत गेले. शिकागोचे प्रशिक्षक बिली डोनोव्हन यांना हा प्रकार रुचला नाही. परंतु बोस्टनचे प्रशिक्षक जो मझुला यांनी नियमांचे उल्लंघन केले नव्हते. नियमांनी जे मागितले तेच त्यांनी दिले होते.

२०२३-२४ च्या हंगामापासून आणखी एक अट लागू झाली. सर्वोत्तम खेळाडूसह प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक झाले. सामना या गणनेत धरला जाण्यासाठी खेळाडूने त्यात साधारणपणे किमान २० मिनिटे खेळलेले असावे लागते. केवळ दोन सामन्यांपुरती १५ मिनिटांची सवलत आहे. प्रमुख खेळाडूंनी विनाकारण सामने टाळू नयेत, हा या अटीचा हेतू योग्यच आहे. मात्र संघ लवकर मोठी आघाडी घेतो तेव्हा त्याच खेळाडूला विसाव्या मिनिटापर्यंत मैदानावर ठेवण्याचे कारणही ती निर्माण करते.

एकीकडे संकेत सांगतो की, निकाल लागल्यावर थांबावे; दुसरीकडे नियम सांगतो की, मोजणी सुरूच आहे. या विसंगतीची किंमत नियम करणाऱ्यांना नव्हे, तर खेळाडूंना मोजावी लागते. बरोबरी सोडवण्यासाठी गुणफरकाला ठराविक मर्यादा घालणे, म्हणजे २० गुणांपलीकडील फरक न धरणे, हा त्यावरील एक सोपा उपाय ठरू शकेल. तसे झाल्यास सामना हातात आलेल्या प्रशिक्षकाला आपल्या थकलेल्या खेळाडूला बसवताना पुढील फेरीची चिंता करावी लागणार नाही, आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या तरुणाला त्याची चार-पाच मिनिटे मिळतील. तोवर मात्र, केव्हा थांबायचे हे ओळखण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच प्रशिक्षकांवर राहील.