आशेचं इंग्रजी

शेजारची पोर मुलाखतीहून रडवेली होऊन आली. साहेबांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटरची परीक्षा पास होशील?" हिनं पाठ केलेलं ठोकलं, "एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग." साहेब हसले.

म्हटलं, अगं, ते संकटात सापडलेल्याला धीर देताना म्हणतात. ढगाची ती रुपेरी कड मिल्टनच्या १६३४ च्या 'कोमस'मधली. त्यांचा ढग म्हणजे संकट; आपल्या मराठवाड्यात ढग दिसला की जीव भांड्यात पडतो! गोंधळ होणारच. तिथं 'आय होप सो' पुरलं असतं. 'नापास होशील?' विचारलं तर 'आय होप नॉट'. 'आय डोन्ट होप सो' नव्हे. 'फिंगर्स क्रॉस्ड' मैत्रिणीशी चालतं, अर्जात नको.

आता ती वहीत वाक्यापुढे प्रसंगही लिहिते. सोमवारी दुसरी मुलाखत आहे.