मुक्ताला कादंबरीत जागा नव्हती

दोस्तांनो, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाला हार घालतात ते 'यमुनापर्यटन'. साल १८५७. लेखक बाबा पदमनजी. नायक विनायकराव, शिकलेला, खाऊनपिऊन सुखी. बायकोला घेऊन गावोगाव फिरतो, वरच्या जातींतल्या विधवांची दुःखं बघतो आणि हळहळतो. मास्तर सांगतात, इथून मराठी कादंबरीत सुधारणा आली. आली, बरोबर. पण कोणाच्या दारात आली? हे मास्तर सांगत नाहीत आणि आपली पोरं मार्कांच्या धाकानं विचारत नाहीत.

हा नायक एकट्या मराठीचा नाय. बंगालीत सुनील गंगोपाध्यायांची 'सेई समय' आहे, तिला १९८५ ला साहित्य अकादमी मिळालं. तिच्यातला नवीनकुमार म्हणजे कलकत्त्याचा कालीप्रसन्न सिंह. बड्या जमीनदाराचं पोर. मिसरूड फुटायच्या आत घरात सभा काढतं, पोरांचं पुढारी होतं. विधवेशी लग्न करील त्याला हजार रुपये रोख! कादंबरी दांडगी आहे, वाचाच. फक्त वाचताना एक हिशेब मांडा. जमीनदाराच्या तिजोरीतले हजार रुपये म्हणजे किती कुळांचा किती वर्षांचा घाम? पैसेवाला पुढारी देतो तेव्हा सगळे त्याचा हात बघतात. तो हात त्याआधी कुठं होता ते कोणी बघत नाही.

आता आपल्याकडचे खरेखुरे शिकलेले पुढारी घ्या. १८४९ ला मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान, एल्फिन्स्टनच्या वर्तुळातली इंग्रजी शिकलेली पोरं. जात मोडायची म्हणून पाववाल्याच्या हातचा पाव खायचे. कुठं? दार लावून. जात मोडली हे जातीला कळू नये, अशी ही क्रांती! १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली. नावं बाहेर फुटणार म्हटल्यावर सभेची पांगापांग झाली. एका यादीनं मेलेली सुधारणा जगात दुसरी दाखवा.

पदमनजीही या सभेतलाच. त्याच्याबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. त्यानं १८५४ ला उघड धर्म सोडला, घरादाराशी तुटला, किंमत मोजली. म्हणून तर जास्त राग येतो. कारण त्याच्या कादंबरीच्या दोन वर्षं आधी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चात, 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला होता. लिहिणारी मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली. विषय मांगमहारांचं दुःख. वेद जर बामणांचे, तर आमचा धर्म कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. पेशवाईत आपल्या माणसांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत, ते लिहिलं. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिले. ज्ञानोदय मिशनऱ्यांचं, पदमनजी त्याच गोतावळ्यातला. तो अंक त्याच्या नजरेआड गेला असेल हे पटत नाही. पण गावोगाव फिरणाऱ्या विनायकरावाची गाडी मांगवाड्याकडं वळली नाही ती नाहीच.

पुढं १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मध्ये 'पण लक्ष्यांत कोण घेतो' येऊ लागली. रघुनाथराव बायकोला शिकवतो, मुंबईला नेतो, मरतो आणि यमूचं केशवपन होतं. यमूचं रडणं खोटं नाही. तिच्यावर हसणारा आपला नव्हे. पण सुधारणा म्हणजे शिकलेल्या नवऱ्याचं मोठं मन, हा हिशेब तिथंही तोच राहिला.

आणि एल्फिन्स्टन? परमहंसवाल्यांच्या पावाला पन्नास वर्षं उलटल्यावर त्याच नावाच्या हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी फळ्याकडं निघाला तर वर्गातली पोरं धावली. फळ्यामागं त्यांचे डबे होते ना! बाटतील! हा विद्यार्थी बडोद्याच्या महिना २५ रुपये शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला, १९१२ ला बी.ए. झाला. आणि १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती दार लावून नव्हे, भर परिषदेत. असा विद्यार्थी त्या काळच्या कुठल्या कादंबरीवाल्याला नायक म्हणून सुचला?

हे जुनं उकरून काय करता, असं पुण्यामुंबईचे काही मित्र म्हणतील. त्यांनी एकदा पालीला यावं. बीडपासून जवळ, बिंदुसरेच्या धरणापाशी. येताना चौकाचौकातले फ्लेक्स वाचत यावं. 'युवा नेते', 'विद्यार्थ्यांचे कैवारी', गॉगल, गळ्यात सोनं, पाठीमागं बापाचा कारखाना. नवीनकुमार मेला नाही, राजे, त्यानं गाडी बदलली. हा वह्या वाटतो, जयंतीला डीजे देतो आणि आपली पोरं त्याच्या मोटारीमागं घोषणा देत पळतात. जयंती कोणाची? २५ रुपयांवर शिकलेल्या माणसाची!

त्याच जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, माणूस म्हणून मोजदाद नाही. पोरांची शाळा तिथंच सुटते. २०१९ ला सरकारच्या समितीपुढं आकडा आला: बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी, त्यातल्या १३ हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली. पाळीत खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पोटुशी बाई फडावरच बाळंत होते. मुक्तानं १८५५ ला लिहिलेलं छप्पर अजून आलेलं नाही. कोणता युवा नेता यावर बोलला? बोलेल कसा, ऊस जातो कुठं?

तेव्हा पोरांनो, वह्यावाल्याची वाट बघू नका. दर फेब्रुवारीत आपण हॉल घेतो, पाहुणा बोलावतो, मुक्ताच्या फोटोला हार घालतो. त्या दिवसांत तिची माणसं गावात नसतात, फडावर असतात. येत्या १५ फेब्रुवारीला हॉलचे पैसे गाडीभाड्याला वापरा. निबंधाच्या प्रती काढा आणि संध्याकाळी तोड संपल्यावर कोप्यांवर जा. निबंध तुम्ही वाचू नका. शाळा सुटलेली एखादी पोर तिथं असेलच, तिच्या हातात द्या. ती अडखळली तरी थांबा.