मतलई वारा आणि आपले प्रवासवर्णन

मराठीत समुद्र हा मुख्यतः ओलांडण्याचा विषय आहे. 'सातासमुद्रापलीकडे' या शब्दप्रयोगातला सगळा भर 'पलीकडे'वर आहे. सातही समुद्र त्यात केवळ अंतर सांगण्यापुरते येतात. गंगाधर गाडगीळांसारख्या चिकित्सक लेखकालाही आपल्या प्रवासवर्णनाला हेच नाव द्यावेसे वाटले, यावरून ही कल्पना आपल्या भाषेत किती मुरली आहे ते कळते. सिंधुबंदी गेली, बोटी आल्या, विमाने आली. वाक्याची ठेवण मात्र तीच राहिली. बेटावर पोचलेला आपला प्रवासी किनाऱ्यावर उभा राहतो, 'अथांग', 'निळाशार' आणि 'फेसाळ' ही तीन विशेषणे खर्ची घालतो आणि जेवणाच्या वर्णनाकडे वळतो.

या वृत्तीची परीक्षा घेण्यासाठी एक बेत समोर ठेवू. समजा, इन्सुलीतल्या एखाद्या पदवीधर मुलाने श्रीलंकेतल्या वेलिगामाला जाऊन लाँगबोर्डवर सर्फिंग शिकायचे ठरवले. इन्सुली सिंधुदुर्गात असली तरी समुद्रकाठी नाही. घाट, महामार्ग आणि तपासणी नाका अशी तिची बाहेरच्यांना ओळख. शेजारच्या बांद्यावरून तेरेखोल नदी समुद्राकडे जाते, आणि हद्दीपलीकडचा मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे आता जगही हाकेच्या अंतरावर आले आहे. या मुलाला दोन उत्तरे ठरलेली मिळतील. एक, घरचा समुद्र सोडून तिकडे कशाला? दोन, हा पैसेवाल्यांचा चाळा आहे. साहित्याचे शिक्षक तिसरे उत्तर देतील: यात वाङ्मयीन असे काय आहे? माझे भांडण या तिसऱ्या उत्तराशी आहे. माझे म्हणणे असे की हा साधा बेत आपल्या बहुतेक प्रवासवर्णनांपेक्षा समुद्राचे अधिक काळजीपूर्वक वाचन मागतो.

बेत आखायचा तर पहिला प्रश्न महिन्याचा. वेलिगामा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात तिथल्या समुद्राला खवळवणारा वारा कोणता? आगोटीला कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढायला लावतो तोच नैऋत्य मोसमी वारा. त्याच महिन्यांत बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बेला मात्र हंगाम असतो, कारण वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणजे ते बेट 'पलीकडे' नाहीच. आपल्या आणि त्याच्या डोक्यावरून एकच वारा जातो.

दुसरा प्रश्न दिवसाच्या वेळेचा. रात्री जमीन समुद्राआधी थंड होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो. पहाटे हा वारा येणाऱ्या लाटेला समोरून धरून ठेवतो. त्यामुळे ती उशिरा आणि नीट फुटते. दुपारी वारा उलटतो आणि पाणी विस्कटते. जगभरचे सर्फर या पहाटेच्या वाऱ्यासाठी उठतात. मराठीत त्याला मतलई वारा म्हणतात. हा शब्द आपण सर्वांनी शाळेत 'खारे वारे आणि मतलई वारे : फरक स्पष्ट करा' या प्रश्नापुरता पाठ केला आणि उत्तरपत्रिकेबरोबर परत देऊन टाकला. मच्छीमारांच्या बोलीत तो कामाचा शब्द होता. भूगोलाच्या पुस्तकात तो गुणांचा झाला. साहित्यात तर त्याला फारसा प्रवेशच मिळाला नाही.

तिसरा प्रश्न तिथीचा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण श्रीलंकेत भरती-ओहोटीतला फरक कोकणापेक्षा बराच कमी, म्हणून घरचे ज्ञान तिथे जसेच्या तसे चालत नाही, दुरुस्त करावे लागते. तौलनिक साहित्याच्या तासाला आपण विद्यार्थ्यांकडून दुसरे काय अपेक्षितो?

फळीचेही तसेच. लाँगबोर्ड म्हणजे नऊ फुटांच्या आसपासची, रुंद, पुढून गोलसर फळी. तिला उंच लाट लागत नाही. वेलिगामाच्या वाळूच्या तळावर फुटणारी संथ लाट तिला पुरते. लांबीमुळे ती विमानातून नेणे कटकटीचे, म्हणून तिथेच भाड्याने घ्यायची. आपली वृत्तपत्रे निवडणुकीनंतर कोणालाही 'लाटेवर स्वार' करतात, जणू लाट हे पाळीव जनावर आहे. दक्षिण महासागरातल्या वादळातून निघून हजारो किलोमीटर आलेली लाट या फळीवरच्या माणसाला काही सेकंद सोबत नेते, एवढाच खरा व्यवहार. त्यात स्वारी कसली?

आता आक्षेपांकडे वळू. हा खेळ बाजाराने गिळला आहे, हे खरे. आणि त्यात प्रवासलेखनाचा हात आहे, हेही खरे. हवाईत लाटेवर सरकण्याला 'हेए नालू' असे स्वतःचे नाव होते. १८२० पासून आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी त्याकडे नापसंतीने पाहिले. १८९३ मध्ये तिथली राजसत्ता उलथली गेली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. आणि १९०७ मध्ये जॅक लंडनने वैकीकीच्या लाटांवर लिहून तोच खेळ अमेरिकन वाचकाला नवलाईचा माल म्हणून दिला. वेलिगामाच्या परिसरात समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे मच्छीमार आता पुष्कळदा छायाचित्रासाठी, पैसे घेऊन बसतात. मालवणची रापण उद्या अशीच केवळ 'अनुभव' म्हणून विकली जाणार नाही, याची हमी कोण देईल?

पण या दोषावर उपाय घरी बसणे हा नव्हे. दोष बेटावर जाण्यात नसून बेट रिकामे समजण्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवऐवजी लक्षद्वीपला चला, अशी हाक समाजमाध्यमांवर उठली, तेव्हा एका बेटाच्या जागी दुसरे ठेवणे किती सोपे वाटले! लक्षद्वीपमध्ये माणसे राहतात, तिथे जायला परवाना लागतो, आणि प्रवाळाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, हे त्या उत्साहात कोणी विचारात घेतले? ही माहिती बेत आखणाऱ्याला लागते, 'निळाशार' लिहिणाऱ्याला लागत नाही. आपल्या प्रवासवर्णनाने पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'पासून (१९६०) माणसे पाहायला शिकवले, हे ऋण मोठेच आहे. पण त्या माणसांचे वारे, पाणी आणि तळ पाहायला आपण शिकलो नाही.

मराठीला हे जमतच नाही, असेही नाही. वेंगुर्ल्याच्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त समुद्र पार्श्वभूमी म्हणून राहत नाही, तो माणसाच्या आयुष्यात हात घालतो. कादंबरीने जे केले ते प्रवासवर्णनाने का करू नये? कारण आपण हा प्रकार 'निसर्गवर्णन, व्यक्तिदर्शन, शैली' अशा तीन मथळ्यांत शिकवतो, आणि निसर्गवर्णन म्हणजे विशेषणे असे गृहीत धरतो. बेत, खर्च, हंगाम, वारा ही सगळी सामग्री लेखक पुस्तकाबाहेर ठेवतो आणि समीक्षक ती मागतही नाही.

ती मागायला हवी. पुढच्या सत्रात प्रवासवर्णनाचा तास घेणाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून न केलेल्या प्रवासाचा बेत लिहून घ्यावा : कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्यात, कोणाच्या किनाऱ्यावर, कोणत्या पैशाने. 'अथांग' हा शब्द वापरण्यास मनाई असावी. सिंधुदुर्गातल्या वर्गात तर घरी जाऊन शब्द विचारून यायला सांगावे. खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक ज्यांना अजूनही अंगावर कळतो अशी माणसे घरोघर आहेत. त्यांना विचारण्याची वेळ फार उरलेली नाही.