जिद्दीचे कौतुक, जबाबदारीला बगल

प्रतिकूलतेवर मात करून गरीब घरातील मुलगा पदवीधर झाला की समाज त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. ते योग्यच; परंतु ती प्रतिकूलता दूर करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात विरून जातो. अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको आदी लॅटिन अमेरिकी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या बाबतीत आज हेच घडत आहे.

या समाजात चिकाटीची वाण कधीच नव्हती. निकृष्ट शाळांच्या निषेधार्थ मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले शिक्षक साल कॅस्ट्रो यांना अटकही झाली. त्याच भागातील गारफील्ड विद्यालयात हायमे एस्कालांते यांचे १८ विद्यार्थी १९८२ मध्ये महाविद्यालयीन दर्जाच्या कलनशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, तेव्हा परीक्षामंडळाने त्यांतील १४ जणांवर संशय घेतला. त्यांपैकी १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण उत्तीर्ण झाले! मात्र गारफील्डचे यश निव्वळ जिद्दीचे नव्हते. जादा तास, पायाभूत गणिताची तयारी आणि मुख्याध्यापकांचा पाठिंबा यांचाही त्यात वाटा होता.

शिक्षणाची किंमत केवळ शुल्काने मोजता येत नाही. शिकताना बुडणारी मजुरीही तीत धरावी लागते. मुलाच्या कमाईवर ज्या घराचे भाडे भागते, तेथे ही किंमत जबर असते. असा विद्यार्थी दिवसा काम करतो, अर्धवेळ शिकतो आणि त्याची पदवी लांबत जाते. त्याने मध्येच शिक्षण सोडले, तर तो दोष त्याच्या मनोबलाचा कसा मानावा?

हे ओळखूनच, जेथे किमान २५ टक्के पदवी-विद्यार्थी लॅटिनो आहेत अशा संस्थांना विशेष साहाय्याची तरतूद अमेरिकी काँग्रेसने १९९२ मध्ये केली. ही अट घटनाबाह्य असल्याचे सांगून २०२५ मध्ये शिक्षण खात्याने या अनुदानाचा मोठा भाग थांबविला. वांशिक प्रमाणाच्या अटीवरील आक्षेपाची चर्चा अवश्य व्हावी. परंतु हा पैसा संस्थेला मिळतो. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळा व मार्गदर्शन केंद्रे तेथील सर्वच विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतात. अट सदोष वाटत असेल तर ती बदलावी. साहाय्य बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

पुरातून पोहून येणाऱ्याचे धैर्य जरूर वाखाणावे. पण म्हणून नदीवरचा पूल पाडू नये.