जंतूंच्या पेटीला थंडावाही लागतो

'इन्क्युबेटर' म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, कमी दिवसांच्या बाळाला ठेवतात ती काचेची पेटी. आणि दुसरी, कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र. आज मी लिहिणार आहे ते तिसऱ्याच इन्क्युबेटरविषयी. तो असतो पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आतल्या खोलीत. रुग्णाच्या नजरेस तो सहसा पडत नाही. पण लघवीचा, पुवाचा किंवा रक्ताचा जो 'कल्चर रिपोर्ट' आपल्या हाती येतो, तो त्याच्याच पोटातून तयार होऊन येतो. त्याचे तापमान बिघडले तर रिपोर्ट बिघडतो, आणि रिपोर्ट बिघडला तर औषध चुकते. म्हणून त्याची थोडी ओळख सर्वसामान्य वाचकालाही असावी, असे मला वाटते.

कल्चर म्हणजे जंतूंची पेरणीच. रुग्णाच्या नमुन्यातला थेंबभर अंश खास खाद्य भरलेल्या चपट्या बशीत पसरायचा, बशी उबदार पेटीत ठेवायची आणि जंतू वाढू द्यायचे. साधारण १८ ते २४ तासांत त्यांचे ठिपके डोळ्यांना दिसू लागतात. मग वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या लावून कोणते औषध त्यांना रोखते ते पाहायचे. लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात ते यामुळे. "डॉक्टर, रिपोर्ट आजच द्या की!" असा आग्रह धरणाऱ्यांना माझे सांगणे असते की, बाजरी पेरली त्याच दिवशी कोणी कापणीला जात नाही.

माणदेशाची अडचण

शरीराला रोग करणारे बहुतेक जंतू ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला चांगले वाढतात. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त गरम करणारी कॉइल असते. खोलीपेक्षा आत जास्त ऊब हवी असेल तेव्हा तो उत्तम काम करतो. पण खोलीच पेटीपेक्षा गरम असेल तर? चुलीवर भाकरी भाजता येते; माठाचे काम चुलीकडून होत नाही. दहिवडी, म्हसवड किंवा पलीकडे आटपाडी-जत भागात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला भिडतो. पत्र्याखालची किंवा तापलेल्या स्लॅबखालची खोली त्याहूनही गरम होते. अशा वेळी साध्या पेटीवरचा काटा ३५ वर लावला तरी आत ४० अंश असू शकतात. यंत्र नादुरुस्त नसते. थंड करणे हे त्याचे कामच नव्हे.

याचा परिणाम काय होतो, त्याचे एकच उदाहरण देतो. गळू, जखमा, शस्त्रक्रियेनंतरचा पू यांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूचा एक हट्टी प्रकार मेथिसिलिन व त्या कुळातल्या औषधांना जुमानत नाही. मात्र चाचणी ३५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत झाली, तर त्याचा हा हट्टीपणा लपून राहू शकतो. रिपोर्टवर 'औषध लागू पडेल' असे येते. प्रत्यक्षात ते पडत नाही. रुग्ण गोळ्या घेत राहतो, पैसे जातात, जखम तशीच. दोष कोणाचा? डॉक्टर म्हणतो रिपोर्टचा, लॅब म्हणते रुग्णाने गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत, आणि रुग्ण म्हणतो नशिबाचा. पेटीतला थर्मामीटर कोणी पाहतच नाही.

बुरशीचे तर आणखी अवघड. आज दवाखान्यात नायट्याचे रुग्ण दिवसाआड येतात. दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावल्याने हा आजार चिवट झाला आहे. त्याच्या बुरशीची कल्चर करायची तर २५ ते ३० अंश तापमान हवे, आणि तेही कधी कधी चार आठवड्यांपर्यंत. आपल्या उन्हाळ्यात ते साध्या पेटीत कसे जमणार? त्यासाठी थंड करणारे यंत्रही जोडलेला इन्क्युबेटर लागतो. आत हीटर आणि फ्रिजसारखा कॉम्प्रेसर दोन्ही असतात, आणि पंखा हवा फिरवतो.

आपल्या बाजारात याला 'बीओडी इन्क्युबेटर' म्हणतात. हे नाव सांडपाण्याच्या चाचणीवरून पडले. पाण्यातली घाण कुजताना जंतू किती प्राणवायू खातात ते मोजण्याची पाच दिवसांची चाचणी इंग्लंडच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात पुरस्कारली. पुढे तिच्यासाठी २० अंश तापमान रूढ झाले. आपल्या हवेत २० अंश सांभाळणे अवघड, म्हणून भारतीय मानकाने १९९३ मध्ये २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धत दिली. साहेबाच्या देशाचे तापमान इथे जसेच्या तसे चालत नाही, ही साधी गोष्ट त्या मानकाने मान्य केली.

कोणता जीव वाढणार हे तापमान ठरवते, याचा प्रसिद्ध दाखला पेनिसिलिनचा. १९२८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवर गेले तेव्हा त्यांची एक बशी इन्क्युबेटरमध्ये नव्हे, तर टेबलावर राहिली होती. तेव्हाचे हवामान तपासून रोनाल्ड हेअर यांनी पुढे असे मांडले की, आधी थंड दिवस आल्याने बुरशी वाढली आणि मागून ऊब आल्यावर जंतू वाढले. म्हणूनच बुरशीने जंतूंना मारलेले दिसले. फ्लेमिंग यांना ते भाग्याचे ठरले. आपल्या लॅबने मात्र तापमान भाग्यावर सोडू नये.

यंत्र आणले, पुढे काय?

यंत्र विकत घेणे सोपे, सांभाळणे कठीण. एका लॅबमध्ये, नाव सांगत नाही, मी भर उन्हाळ्यात अशा पेटीत जंतूंच्या बशांशेजारी चहाच्या दुधाची पिशवी पाहिली आहे. "आत गार असतं म्हणून ठेवली," असे उत्तर मिळाले. बशीत विषमज्वराचे जंतू असू शकतात, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा लॅबचालकांसाठी काही नियम स्पष्टच लिहितो.

१) यंत्र सपाट जागी, उन्हापासून दूर आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावे, मागची गरम हवा निघून गेली पाहिजे. नवीन यंत्र टेम्पोतून आडवे आणले असेल तर उभे करून काही तास तसेच ठेवावे, मग चालू करावे.

२) तीन पिनांचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग हवा. एक्स्टेन्शनची वायर नको. वळवाच्या पावसात तारा तुटतात आणि वीज येते-जाते, त्यासाठी स्टॅबिलायझर असावा. वीज आल्याबरोबर कॉम्प्रेसर सुरू न होता तीन-चार मिनिटे थांबेल, अशी सोय त्यात हवी.

३) दर्शनी आकड्यावर विसंबू नये. तपासून घेतलेला वेगळा थर्मामीटर आत ठेवावा. त्याचा फुगा पाण्याच्या किंवा ग्लिसरीनच्या लहान बाटलीत बुडवून ठेवला म्हणजे दार उघडल्याने पारा उगाच हलत नाही. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा, रविवारीसुद्धा.

४) बशा खच्चून भरू नयेत, हवा फिरायला जागा हवी. बशा उपड्या ठेवाव्यात, म्हणजे झाकणावरचे दव जंतूंवर पडत नाही.

५) स्पिरिट, ईथर, ॲसिटोन असले पेटणारे पदार्थ आत कधीही ठेवू नयेत. बंद पेटीत त्यांची वाफ साठते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. खाण्यापिण्याचे तर नावच नको.

६) बशी फुटली वा सांडली तर यंत्राची वीज बंद करावी, हातमोजे घालावेत, वर कागद किंवा कापड टाकून एक टक्क्याचे हायपोक्लोराइट ओतावे आणि अर्धा तास थांबून मगच पुसावे. हायपोक्लोराइटने पत्रा गंजतो, म्हणून शेवटी स्वच्छ पाण्याच्या कापडाने पुसून घ्यावे.

७) काम झालेल्या बशा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हे बंधनकारकच केले आहे. उकिरड्यावर टाकलेली बशी शेळी उलथवते, मूल उचलते. आणि रोज त्या बशा हाताळणारा पोरगाही कोणाच्या तरी घरचा असतो.

माझे मत

या सगळ्याला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. "डॉक्टर, रुग्ण दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतात, थर्मामीटर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर कुठून आणू?" असे लॅबवाले विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. यंत्राच्या उद्घाटनाला नारळ फोडणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या वर्षी त्याची दुरुस्ती आणि तपासणी कोण करणार, असे विचारणारा भेटत नाही. सरकारी असो वा खासगी, यंत्राच्या किमतीबरोबरच त्याच्या देखभालीची तरतूद झाली नसेल तर ते यंत्र घेऊच नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या लॅबला तापमानाची वही रोज भरता येत नाही, तिने कल्चर करू नये. नमुना नीट घ्यावा, जपून पॅक करावा आणि सोय असलेल्या मोठ्या लॅबकडे, साताऱ्याला वा सांगलीला, पाठवावा. यात कमीपणा काही नाही. खोटा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट. रिपोर्ट नसेल तर डॉक्टर जपून पावले टाकतो. खोट्या रिपोर्टवर तो बिनधास्त चालतो. आधीच अँटिबायोटिक बोथट होत चालली आहेत. चुकीच्या रिपोर्टने ती आणखी बोथट होतील, आणि त्याची किंमत उद्या न्यूमोनियाने धापा टाकणारे एखादे लेकरू मोजेल.

वाचकांनी काय करावे?

पेटी लॅबची असली तरी नमुना आपला असतो. कल्चर सांगितले असेल तर शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यावा. मात्र रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे, औषध अडवून ठेवू नये. लघवीसाठी लॅबने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, घरातली औषधाची जुनी बाटली नको. आधी जागा पाण्याने धुवून, पहिली धार सोडून मधली धार घ्यावी. अनुकूल उबेत लघवीतले नेहमीचे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणजे दोन तासांत चौसष्टपट! मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापलेल्या बाटलीतून खरा आकडा कसा कळणार? तासाभरात पोहोचवता येत नसेल तर बाटली बर्फाच्या डब्यात न्यावी, पण गोठू देऊ नये. मात्र रक्त किंवा पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी कल्चरसाठी बर्फात ठेवायचे नसते. ते लगेच लॅबला पोहोचवावे.

आणि लॅबमध्ये गेलात की नम्रपणे विचारा, "कल्चर इथेच होते का? तापमानाची वही आहे का?" दुकानात वजनकाटा बघूनच आपण साखर घेतो, त्याचा राग दुकानदाराला येत नाही. चांगल्या लॅबवाल्यालाही या प्रश्नाचा राग येणार नाही. तो वही उघडून दाखवील.