लिंबू बाजूला ठेवा!

गव्हाच्या बिअरच्या ग्लासला न विचारता लिंबाची फोड खोचणं बंद झालं पाहिजे. झालं, एकदाचं सांगून टाकलं! (वडीलधाऱ्यांनी हे सोडून पुढे जायला हरकत नाही. पण प्रश्न लिंबाचा आहे, आणि लिंबाबद्दल आपल्या घरात प्रत्येकाला मत असतंच, तेव्हा थांबा.)

मुळात बव्हेरियाची हेफेवाइझन घ्या. निम्मा तरी माल्ट गव्हाचा हवा, असा तिकडचा नियम. पण खरी गंमत आहे यीस्टची. बिअर आंबताना हे यीस्ट पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं. आत ना केळं, ना लवंग! हा तोल साधायला ब्रूअर तापमानावर डोळा ठेवून बसलेला असतो. वर गव्हातल्या प्रथिनांमुळे दाट, टिकणारा फेस.

आता ह्यात लिंबू पिळा. नाकात आधी लिंबूच शिरतं, लवंग गायब. सालीतल्या तेलानं फेस बसतो. म्हणजे ज्याचे पैसे मोजले, तेच घालवलं. हापूसच्या रसात कुणी लिंबू पिळतं का हो?

"पण परदेशातही देतातच की!" देतात ना. पण कुठल्या बिअरला, ते बघा. पिअर सेलिस यांनी १९६०च्या दशकात बेल्जियममधल्या होगार्डन गावात पुन्हा जिवंत केलेल्या विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल मुळातच असते. अमेरिकेत १९९५ मध्ये आलेली ब्लू मून त्याच वळणाची, म्हणून तिच्यासोबतची संत्र्याची फोड समजू शकते. पोर्टलंडच्या विडमरची १९८६ची हेफेवाइझन नावाने जर्मन, पण तिच्या यीस्टला केळं-लवंग फारसं नाही, तिथे लिंबू खपून गेलं. खुद्द जर्मनीत गाळलेल्या, नितळ क्रिस्टालवाइझनमध्ये लिंबू टाकणारे आहेत. थोडक्यात, प्रत्येक ठिकाणी काहीतरी कारण आहे. आपण कारण तिकडेच ठेवलं आणि फोड तेवढी उचलून आणली!

आणि आपल्याला हे कळू नये, असंही नाही. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ताजी गव्हाची बिअर इथल्यांच्या ओळखीची आहे. तरी परवा एका ठिकाणी (नाव नको) "लिंबू नको" म्हटल्यावर वेटरनं बोटांनी फोड काढली आणि तोच ग्लास पुन्हा पुढे ठेवला. धन्य!

कुणाला लिंबू आवडत असेल तर खुशाल पिळावं, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती न विचारता पिळण्याची. आपल्या जेवणाच्या पानात लिंबाची जागा ठरलेली आहे: डावीकडे, मिठाशेजारी. वाढणारी आजी तुमच्या वरणावर ते परस्पर पिळत नाही, ज्याला हवं तो पिळतो. एवढी साधी रीत बारमध्ये पाळायला काय हरकत आहे? फोड बशीत द्या. आधी एक घोट तसाच घेऊ द्या. मग ज्याचं त्यानं ठरवावं.