सापडले नाही, म्हणजे नाही काय?

विनोबांच्या संदर्भात 'दान' या शब्दाच्या प्रवासावर एक टिपण लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. 1951 साली पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्या एका शब्दाला ग्रामदान, संपत्तिदान, श्रमदान, बुद्धिदान, जीवनदान असे धुमारे फुटत गेले. पुण्याच्या हिशेबात मुरलेला एक जुना शब्द एका चळवळीने कसा नव्याने घडवला, हे पाहायचे होते. वर्ध्यात राहणाऱ्याला अशा कामासाठी फार लांब जावे लागत नाही. पवनार जवळच आहे, आणि वाचताना केलेल्या नोंदी गेली दहा-बारा वर्षे मी एकाच नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवत आलो आहे. त्यांतल्या काही घरच्या संगणकावर टंकलेल्या आहेत, काही ग्रंथालयात उभ्या-उभ्या मोबाइलवर टिपलेल्या, तर काही म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे.

संगणकावर 'दान' हा शब्द शोधला तेव्हा वर दिलेल्या सगळ्या सामासिक शब्दांसह लांबलचक यादी समोर आली. दुसऱ्या दिवशी आर्वीला जाणाऱ्या एसटीत बसून तोच शब्द मोबाइलवर शोधला, तर 'दान', 'दानपत्र' आणि 'दानधर्म' एवढ्याच नोंदी आल्या. भूदान नाही, ग्रामदान नाही. नोंदी पुसल्या गेल्या की काय, अशी धास्ती वाटली. पण तसे झालेले नव्हते. 'भूदान' असा पूर्ण शब्द घालताच त्या निमूटपणे पुढे आल्या. वही एकच, शब्द एकच, मालकही एकच. उत्तरे मात्र दोन यंत्रांची दोन.

ही तक्रार यंत्राची आहे. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यात वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. उत्तर असे की आपल्या विद्येतील कितीतरी विधाने नकारार्थी असतात. 'अमुक शब्द या लेखकाच्या पूर्वकालीन लेखनात आढळत नाही', 'ही प्रतिमा पुढे पुन्हा येत नाही', 'या संज्ञेचा उल्लेख तत्कालीन समीक्षेत नाही' अशा वाक्यांवर प्रबंधांची प्रकरणे उभी राहतात. पूर्वी अशा विधानामागे निदान अख्खा ग्रंथ पुन्हा चाळल्याचे श्रम असत. आज त्यामागे बहुधा शोधचौकटीतला एक शब्द आणि तिने दिलेले 'काहीही सापडले नाही' हे उत्तर असते. ते उत्तर यंत्रागणिक बदलत असेल, तर आपण कोणत्या यंत्राच्या बळावर विधाने करतो आहोत, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. सध्या ते ठाऊक नसते.

असे का होते, हे थोडे उलगडून पाहू. बहुतेक नोंदवह्या शोधताना प्रत्यक्ष मजकूर वाचतच नाहीत. त्या आधी तयार करून ठेवलेली शब्दांची सूची पाहतात. ही सूची कधी यंत्रातच असते, कधी दूरच्या सर्व्हरवर. काही सूच्या शब्दाच्या आरंभापासूनच जुळवणी करतात; त्यांच्या लेखी 'भूदान' हा भ-पासून सुरू होणारा शब्द आहे आणि त्याच्या पोटातल्या 'दान'शी त्यांना कर्तव्य नाही. काही शब्दाच्या मध्येही पाहतात. सुट्या शब्दांच्या इंग्रजीला पहिली रीत बरीचशी पुरते. समास, सामान्यरूप आणि चिकटून येणारे प्रत्यय यांच्यावर चालणाऱ्या मराठीला ती पुरत नाही. 'घोडा' शोधणाऱ्याला 'घोड्यावर' बसलेला स्वार दिसत नाही. शिवाय छायाचित्रातील अक्षरे ओळखण्याचे काम पुष्कळदा सर्व्हरवर होते आणि मोबाइलमध्ये सगळ्या नोंदी उतरलेल्याही नसतात. म्हणून संपर्क तुटलेल्या गावात तीच वही निम्मी होते, आणि आपण निम्मी झालो आहोत हे ती सांगत नाही.

याहून खोल अडचण लिपीची आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याला हलन्त चिन्ह जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' ही रूपे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असू शकतात. यात कळफलकाला हा अर्धा र जमत नसल्यामुळे रफार देऊन लिहिलेले 'दुसर्या' हे तिसरे रूप मिळवा. कोणता कळफलक कोणते रूप उमटवतो हे आपल्या हातात नसते आणि बहुधा आपल्या लक्षातही येत नाही. संगणकावर एका रीतीने लिहिलेली नोंद मोबाइलवर दुसऱ्या रीतीने शोधली, की शोध फसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला रोज लागणारे उदाहरण ॲरिस्टॉटलचे आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्थान दिले. तोवर लोक 'अ'वर चंद्र ठेवून, कधी मधे ते अदृश्य जोडचिन्ह घालून, काम भागवीत होते. पुष्कळजण आजही भागवतात. या रूपांना युनिकोड एकमेकांचे समतुल्य मानत नाही. परिणामी काव्यशास्त्रावरच्या माझ्या नोंदींत किमान तीन ॲरिस्टॉटल नांदत आहेत आणि त्यांची परस्परांशी ओळख नाही. जुन्या आवृत्त्यांतून उतरवून घेतलेल्या मजकुराची गत आणखी वेगळी. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे 'कांहीं' आजच्या 'काही'ला ओ देत नाही.

मग सगळी रूपे एकच मानणारा ढिला शोध सर्वत्र बसवला की प्रश्न मिटेल काय? काही यंत्रांवर तसा शोध आहेही. युनिकोडच्या वर्णक्रमाच्या नियमांत ते अदृश्य जोडचिन्ह तुलनेतून वगळता येते, आणि 'र'खालच्या टिंबाने पडणारा फरक दुय्यम मानून सोडून देता येतो. असे केले की 'दुसऱ्या'ची सगळी रूपे एका हाकेला गोळा होतात. पण त्याच नियमाने 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हेही एकच ठरतात. पवनारच्या आचार्यांविषयीची नोंद शोधावी आणि पंगतीच्या आचाऱ्यांची नोंद हाती यावी, असा हा प्रकार आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तेच. इतर भाषांना जो भेद नगण्य वाटतो, त्यावर मराठीत अर्थ उभा असतो. कडक शोध एका शब्दाचे तुकडे करतो, ढिला शोध दोन शब्दांना एक करतो. आणि आपल्या दोन यंत्रांपैकी कोणते कडक, कोणते ढिले, हे कोठे लिहून ठेवलेले नसते.

म्हणजे मूळ प्रश्न असा आहे: दोन लेखनरूपे 'एकच शब्द' केव्हा मानायची? हा प्रश्न यंत्राचा नाही, तो भाषाविद्येचा आहे, आणि त्याचे एकच एक उत्तर नाही. पाठचिकित्सा करणाऱ्याला 'कांहीं' आणि 'काही' यांतला भेद हवाच असतो. विषयाचा माग काढणाऱ्याला तो अडथळा वाटतो. कोशकार, संपादक आणि सूचिकार हे निर्णय नेहमीच घेत आले आहेत. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड 1943 साली सिद्ध केला. 1800 ते 1937 या काळातील ग्रंथांना त्यात एका व्यवस्थेत बसवायचे, तर कोणती नोंद कोणाशेजारी जाईल हे आधी ठरवणे भागच होते. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर इंग्रजी खंडांपैकी 98 वा खंड विषयसूचीला आणि 99 वा व्यक्तिसूचीला दिलेला आहे. सूची ही त्या संपादकांना ग्रंथाची शेपटी वाटली नाही. ते एक स्वतंत्र काम होते, आणि त्याची जबाबदारी कोणाची, हेही उघड होते.

लिपीच्या बाबतीत तर वर्ध्याला याचा जुना अनुभव आहे. 1930 च्या दशकात काका कालेलकर आदींच्या पुढाकाराने नागरी लिपी सुधारण्याचा जो खटाटोप झाला, त्यात इ, ई, उ, ऊ यांऐवजी 'अ'लाच वेलांट्या आणि उकार देण्याची बाराखडी पुढे आली. 1936 साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांतूनही ती वापरली गेली. पुढे विनोबांनी 'लोकनागरी' या नावाने सुधारित नागरीचा पुरस्कार केला. त्या काळचे एखादे पुस्तक आज कोणी जसेच्या तसे टंकून ठेवले, तर 'इतिहास' शोधणाऱ्याला 'अितिहास' सापडणार नाही. ती सुधारणा टिकली नाही, आणि ती टिकायला हवी होती असेही मला म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच, की तो वाद उघड होता. समित्या नेमल्या गेल्या, बाजू मांडल्या गेल्या, टीका झाली, लोकांनी काही स्वीकारले आणि बरेच नाकारले. आज त्याच तोलाचे निर्णय, म्हणजे टिंब धरायचे की सोडायचे, वेलांटी अक्षराचा भाग की नाही, समास फोडायचा की नाही, हे कोठेतरी कोणीतरी घेतो आणि ते एका रात्रीत आपल्या खिशात येऊन बसतात. पुढच्या आवृत्तीत ते बदलतातही. नाकारण्याची सोय नाही, कारण ते घेतले गेल्याचीच वार्ता नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कागदी वहीत शोधाची कोणतीच सोय नव्हती. मग अर्धीमुर्धी का होईना, मिळालेल्या सोयीबद्दल कुरकुर कशाला? सोयीबद्दल मी कृतज्ञच आहे. पण कागदी वही 'नाही' असे कधी म्हणत नसे. नोंद सापडली नाही, तर दोष आपल्या आळसाचा आहे हे आपण जाणून असू, आणि पुन्हा पाने उलटू. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर केलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला. टिपणाऱ्याला आपली वही कोठे अपुरी आहे हे ठाऊक असते. शोधचौकट मात्र अपुऱ्या पाहणीचा निकाल पूर्ण पाहणीच्या थाटात देते. माझी तक्रार या थाटाविषयी आहे.

मग करायचे काय? नोंदवह्या बनवणाऱ्यांकडे मागणी साधी आहे: कोठे शोधले, कोणती रूपे एक मानली आणि काय पाहायचे राहून गेले, हे उत्तरासोबत सांगा. 'या यंत्रात उतरलेल्या नोंदींतच पाहिले' एवढी एक ओळही पुष्कळ अनर्थ टाळील. कडक आणि ढिला असे दोन्ही शोध असावेत, आणि निवड वाचकाची असावी.

पण ही मागणी पुरी होईपर्यंत आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत संशोधनपद्धती शिकवताना आपण संदर्भसूचीच्या स्वल्पविरामांवर तास खर्च करतो. एका 'ऱ्य'ची तीन रूपे फळ्यावर मांडायला अर्धा तास पुरेल. 'आढळत नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने एक प्रश्न नेमाने विचारावा: कोठे शोधलेत आणि कोणकोणत्या रूपांनी? प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात याचे उत्तर दोन ओळींत यावे. प्रत्येकाने आपल्या वहीत एक चाचणीची नोंद ठेवावी. तीत 'दुसऱ्या'ची, 'ॲरिस्टॉटल'ची आणि 'भूदान'ची सगळी रूपे असावीत, आणि ती प्रत्येक यंत्रावर शोधून पाहावी. आपले यंत्र काय पाहू शकत नाही, हे पाच मिनिटांत कळते.

मी स्वतः आणखी एक जुनाट उपाय केला आहे. 'दान'विषयक सगळ्या नोंदींची सूची मी हाताने, कागदावर केली. या कामाला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन संध्याकाळींत सगळ्या नोंदी पुन्हा वाचून झाल्या. कोणत्याही शोधात कधी वर न आलेली एक नोंद त्यात भेटली, कारण तिच्यात 'दान' हा शब्दच नव्हता. 'समविभाजन' हा होता. माझ्या टिपणाचा आरंभ आता तिच्यापासून होईल.